महिलांचा फुटबॉल: पुरुषांच्या शेजारी ठेवूनच बघायचा का?

मधल्या_फळीतली (धागाकर्ती)

२७ जुलै २०२५ला बासेलमध्ये इंग्लंडने स्पेनला टायब्रेकरवर हरवून महिलांचा युरो चषक जिंकला. आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू झालेला सामना बारा वाजून गेले तरी संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विषय निघाला तर एका सहकाऱ्याने विचारलं, "बायकांची मॅच? बघवते का?" बोलण्यात हेटाळणी नव्हती, खरंच कुतूहल होतं. पुरुषांचा फुटबॉल तो मन लावून बघतो. चहा पिता पिता जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण ते अपुरं वाटलं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी दोन्ही बघते. प्रीमियर लीग शाळेत असल्यापासून आणि महिलांचे सामने २०१९च्या विश्वचषकापासून. आता दोन्ही एकाच वेळी असले तर बऱ्याचदा महिलांचाच लावते. मला मधल्या फळीचा खेळ आवडतो, हे त्याचं कारण. पुरुषांच्या वरच्या पातळीवर सगळे इतके वेगवान आणि दणकट झालेत की चेंडू पायात येतो न येतो तोच अंगावर कोणीतरी आलेलं असतं. खेळाडूने काय पाहिलं, काय ठरवलं, हे आपल्याला दिसेपर्यंत चेंडू पुढे गेलेला असतो.

स्पेनच्या मधल्या फळीतल्या ऐताना बोन्मातीला बघा. चेंडू तिच्याकडे यायच्या आधी ती खांद्यावरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मागे बघते. पास येतो तो लांबच्या पायावर घेते आणि त्या एका टचमध्ये अंगावर आलेली खेळाडू मागे पडते. उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध ११३व्या मिनिटाला तिने गोल केला तो तर मी परत परत बघितला. ती गोलरेषेजवळ, कोन जवळजवळ नाहीच. तिथून सगळेच चेंडू मागे देतात. जर्मनीची गोलकीपर बर्गर त्या पासच्या तयारीने जरा पुढे सरकली आणि बोन्मातीने तिच्या आणि जवळच्या खांबाच्या मधल्या फटीतून चेंडू आत घातला. स्पर्धा सुरू व्हायच्या काही दिवस आधी ही बाई मेनिन्जायटिसने हॉस्पिटलात होती!

सगळं गोड आहे असं म्हणत नाही. संघासंघांतलं अंतर अजून फार आहे. २०१९ला अमेरिकेने थायलंडला १३-० हरवलं, तो सामना मला शेवटपर्यंत बघवला नव्हता. पण बरोबरीचे दोन संघ समोर आले की मला हा खेळ पूर्ण समाधान देतो.

तुम्ही बघता का? बघत असाल तर पुरुषांच्या खेळाशी ताडून बघता की तो विचारच मनात येत नाही?

कट्टर_गनर

+१. २४ मेला लिस्बनमध्ये आर्सेनलने बार्सिलोनाला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. ७४व्या मिनिटाला मीडचा पास, ब्लॅकस्टेनियसचा गोल, दोघी बदली म्हणून आलेल्या. माझ्यासाठी क्लब एकच आहे. जर्सी तीच, गाणं तेच, मग पुरुष जिंकले तर नाचायचं आणि बायका जिंकल्या तर मान डोलवायची, असं कसं?

शंकासुर

मी विरोधी बाजू मांडतो, राग मानू नका. २०१७ला अमेरिकेचा विश्वविजेता महिला संघ डलासच्या १५ वर्षांखालच्या पोरांकडून सरावात ५-२ हरला. २०१६ला ऑस्ट्रेलियाच्या बायका न्यूकॅसलच्या १६ वर्षांखालच्या मुलांकडून ७-० हरल्या. मला फुटबॉलमध्ये वेग आवडतो. एम्बाप्पे डाव्या बाजूने सुटतो तेव्हा खुर्चीत बसवत नाही. तो थरार मला महिलांच्या सामन्यात मिळत नाही. आणि लांबून मारलेले बरेच गोल गोलकीपरच्या डोक्यावरून जातात, ते पुरुषांत अडले असते. हे म्हटलं की लगेच 'पुरुषी मानसिकता' वगैरे ऐकायला लागतं. मला वाटतं, आवड ही आवड असते.

उत्तरेश्वरकर

शंकासुर भावा, तुझ्या आवडीला कोण नाही म्हणतंय? पण ते पोरांकडून हरल्याचं इथं काढू नको. मी कोल्हापूरचा, तुला कुस्तीतलं सांगतो. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते बँटमवेटमध्ये. त्यांना कुणी हेवीवेटवाल्यापुढं उभं करून मापलं का? गोळेश्वरात, कऱ्हाडात मिरवणूक काढताना कुणी म्हणालं का, की जड गटातल्या पैलवानानं यांना चीत केलं असतं? कुस्ती बघणारा माणूस डाव बघतो. त्या त्या गटात जो सगळ्यात भारी त्याला खांद्यावर घेतो.

आणि त्या सरावाच्या मॅचेस. सरावात अकराच्या अकरा बदलतात, कुणी पाय सांभाळून खेळतंय, कोच काहीतरी नवीन तपासून बघतोय. त्याचा निकाल घेऊन लोक वर्षानुवर्षं फिरतात.

अस्मिता_पुणे

उत्तरेश्वरकर दादा, खाशाबांचं उदाहरण फार आवडलं.

शंकासुर, ज्यूरिख विद्यापीठाचा एक प्रयोग आहे, २०२३मध्ये आलेला. सहाशेहून जास्त लोकांना पुरुष आणि महिलांच्या गोलांच्या क्लिप दाखवल्या. काहींना जशाच्या तशा, काहींना खेळाडू धूसर करून, म्हणजे बाई की पुरुष हे कळू नये. जशाच्या तशा बघणाऱ्यांनी पुरुषांच्या खेळाला जास्त गुण दिले. धूसर बघणाऱ्यांच्या गुणांत म्हणण्यासारखा फरकच राहिला नाही.

शंकासुर

अस्मिताताई, प्रयोग माहीत आहे. पण क्लिप निवडक गोलांच्या होत्या. उत्तम गोल कुणीही मारला तरी उत्तमच दिसतो. मी ९० मिनिटांबद्दल बोलतोय. १० सेकंदांच्या क्लिपवरून पूर्ण सामन्याचा निष्कर्ष निघत नाही.

अस्मिता_पुणे

हा मुद्दा मान्य. प्रयोग तेवढंच सांगतो. पण तेवढंही पुष्कळ आहे, कारण 'बघायची गरज नाही' म्हणणारे बहुतेक लोक ९० मिनिटं बघून बोलत नाहीत, तेही १० सेकंदांची क्लिप बघूनच बोलतात.

निवृत्त_पंच

गोलकीपरचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. जिल्हा आणि राज्य पातळीवर मुला-मुलींचे दोन्ही सामने चालवले आहेत.

गोलपोस्ट दोघांना एकच: ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. मैदान तेच, वेळ तीच. २०२३च्या विश्वचषकात सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेली इंग्लंडची मेरी अर्प्स साधारण पावणेसहा फुटांची आहे. पुरुषांत तेवढ्या उंचीच्या पोराला बहुतेक क्लब गोलमध्ये उभंच करत नाहीत. म्हणजे महिला कीपरला तेवढीच जागा कमी उंचीने राखायची असते. चेंडू डोक्यावरून गेला की प्रेक्षक म्हणतात 'चूक झाली'. माझं म्हणणं, आधी तिचे पाय बघा. चेंडू यायच्या आधी ती कुठे उभी होती ते बघा. चांगली कीपर तिथे कळते. अर्प्सने त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या जेनी एर्मोसोची पेनल्टी अडवली होती, ती वेळ साधून.

पोस्ट लहान करा असं काही लोक सुचवतात. मला ते पटत नाही. उद्या गावोगावच्या मैदानांवर दोन मापांचे खांब कोण लावणार? आपल्याकडे एका मापाचे मिळायची मारामार.

पहिल्या अधिकृत महिला विश्वचषकात, १९९१ला चीनमध्ये, सामने ८० मिनिटांचे होते. बायकांना ९० मिनिटं झेपणार नाहीत अशी समजूत. आता त्याच १२० मिनिटं खेळून वर टायब्रेकर मारतात.

रविवारची_मॅच

वाचतेय. पंचकाका, युरोच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या बेथ मीडची पेनल्टी परत का घ्यायला लावली? तिने गोल मारला होता ना?

निवृत्त_पंच

छान प्रश्न. मीड मारताना घसरली आणि चेंडू तिच्या दोन्ही पायांना लागला. मार्च महिन्यात पुरुषांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये आतलेतिकोच्या हुलियन आल्वारेझचं रेआलविरुद्ध असंच झालं होतं आणि त्याचा गोल सरळ रद्द केला गेला. त्यावर मोठा गदारोळ झाला. जूनमध्ये नियमाचं स्पष्टीकरण आलं: चुकून दोनदा स्पर्श झाला आणि चेंडू गोलमध्ये गेला, तर पेनल्टी परत घ्यायची. म्हणून मीडला दुसरी संधी मिळाली, ती स्पेनची गोलकीपर काता कोलने अडवली. शूटआऊटमधली पहिलीच किक. तरी इंग्लंड ३-१ जिंकलं, कारण इंग्लंडची गोलकीपर हॅम्पटनने स्पेनच्या कल्देंतेय आणि बोन्माती दोघींना अडवलं.

कट्टर_गनर

हॅम्पटनबद्दल एक सांगायलाच हवं. तिला जन्मापासून डोळ्यांचा तिरळेपणा, लहानपणी शस्त्रक्रिया झाल्या, खोलीचा अंदाज येत नाही म्हणून डॉक्टरांनी फुटबॉल खेळू नको असं सांगितलं होतं. ती युरोच्या अंतिम सामन्यात दोन पेनल्टी अडवते.

आणि क्लोई केली! २०२२च्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर ८७,१९२ प्रेक्षकांसमोर जर्मनीविरुद्ध ११०व्या मिनिटाला विजयी गोल तिचा. यंदा शेवटची पेनल्टी तिचीच. ते उडी मारत धावत येणं आणि मग जो फटका... मध्ये जानेवारीत हिला मँचेस्टर सिटीत खेळायलाही मिळत नव्हतं, आमच्याकडे आर्सेनलला उसनी आली.

बासेलवासी

मी नोकरीनिमित्त इकडे असते. मूळची साताऱ्याची. अंतिम सामन्याचं तिकीट मिळालं नाही, पण सेंट याकोब पार्कात जर्मनी-फ्रान्स उपांत्यपूर्व सामना मैदानात बसून बघितला.

मी पुरुषांचे सामनेही इथे बघितलेत. फरक गर्दीत जाणवतो. ट्राममध्ये दोन्ही संघांचे लोक एकाच डब्यात, लहान मुली गालावर झेंडे रंगवून, आजी-आजोबा सोबत. पुरुषांच्या मोठ्या सामन्याला मी नवऱ्याशिवाय जायला बिचकते, इथे लेकीला घेऊन बिनधास्त गेले. माझ्या लेकीने सामन्यानंतर बाकी काही विचारलं नाही. तिला एवढंच विचारायचं होतं की मुलींचे सराव आपल्या गावात कधी असतात.

मधल्या_फळीतली

बासेलवासी ताई, तुम्ही तो सामना प्रत्यक्ष बघितलात? फार हेवा वाटला. त्याबद्दल सविस्तर लिहा ना.

फातोर्डा

धागा आवडला. मी मडगावचा. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा दोन्ही उपांत्य सामने आमच्या फातोर्ड्याला होते. कोलंबिया-नायजेरिया ०-० आणि मग टायब्रेकर, ६-५. कोलंबियाची लिंडा कैसेदो तेव्हा १७ वर्षांची. चेंडू पायाला बांधल्यासारखा घेऊन ती आत कट मारायची आणि शेजारचे लोक ओरडायचे. नऊ-दहा महिन्यांनी तिनेच सिडनीत मोठ्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध गोल केला आणि कोलंबियाने जर्मनीला २-१ हरवलं. त्या भारतातल्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू स्पेनची विकी लोपेझ, तीही यंदाच्या युरोत होती. नवी मुंबईला डी. वाय. पाटीलवर अंतिम सामना बघितलेले लोक इथे असतीलच.

म्हणजे जगातल्या उद्याच्या खेळाडू आपल्या दारात खेळून गेल्या आणि आपण बघितल्या की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

भारताच्या मुली मात्र भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या. अमेरिका ०-८, मोरोक्को ०-३, ब्राझील ०-५. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा मला वाईट वाटलं. समोरच्या मुली आठव्या-नवव्या वर्षापासून क्लबात आणि आपल्या मुलींची बहुतेक तयारी शिबिरात.

सांगलीकर_स्मृतीफॅन

अवांतर: क्रिकेटमध्येही हेच म्हणायचे. आमच्या सांगलीत स्मृती मानधनाच्या नावावर आता लोक सामना लावतात. २०२२ला बोर्डाने सामन्याचं मानधन समान केलं, २०२३ला डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची आयपीएल, सुरू झाली. आधी बघणारे नव्हते की आधी दाखवणारे नव्हते?

हिशेबनीस

आता माझ्या आवडीचा विषय. फुटबॉलमध्ये पैशाचं गणित वेगळं आहे. २०२२च्या पुरुष विश्वचषकाची बक्षीस रक्कम ४४ कोटी डॉलर. २०२३च्या महिला विश्वचषकाची ११ कोटी. २०१९ला महिलांची ३ कोटीच होती, म्हणजे वाढ मोठी आहे. जुलै २०२५मध्ये ऑलिव्हिया स्मिथला आर्सेनलने घेतलं ते १० लाख पौंडांना, महिलांमधली पहिली एवढी रक्कम. नेमारसाठी २०१७ला २२.२ कोटी युरो मोजले गेले होते. माझं मत असं, की प्रेक्षक आणि जाहिराती जिथे, तिथे पैसा जाणार. समान वेतन मागण्याआधी समान उत्पन्न यायला हवं.

जुनी_कात्रणं

हिशेबनीस, तुमच्या हिशेबात एक पान गळलंय. ते मी लावते.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कारखान्यांत बायका दारूगोळा बनवायला लागल्या आणि मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळायला लागल्या. प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्याचा संघ त्यांतला सगळ्यात गाजलेला. २६ डिसेंबर १९२०ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना सेंट हेलेन्सच्या बायकांशी झाला. आत ५३,००० लोक होते आणि जागा नाही म्हणून हजारो बाहेरून परत गेले. तिकिटांचे पैसे धर्मादाय कामाला जायचे. त्यानंतर वर्षही पूर्ण झालं नव्हतं, ५ डिसेंबर १९२१ला तिथल्या फुटबॉल संघटनेने जाहीर केलं, की हा खेळ बायकांना योग्य नाही, संलग्न क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. ही बंदी जवळजवळ ५० वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ कायद्याने बंदी. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७०. फुटबॉलचे तीन सगळ्यात मोठे देश धरा, तिन्हींनी दार लावून घेतलं.

म्हणजे गर्दी होती, तिकिटं विकली जात होती, आणि मैदानच काढून घेतलं. पुरुषांच्या क्लबांना त्याच ५० वर्षांत स्टेडियम बांधायला मिळाले, बापाकडून लेकाकडे जाणारे चाहते मिळाले, रेडिओ आणि टीव्ही मिळाला. आता विचारायचं, की बायकांचं उत्पन्न कमी का?

१९७१ला मेक्सिकोत एक अनधिकृत महिला विश्वचषक झाला. आझटेका स्टेडियमवर अंतिम सामन्याला लाखभर लोक होते. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० हरवलं. जागतिक संघटनेला अधिकृत स्पर्धा भरवायला त्यानंतर २० वर्षं लागली.

उत्तरेश्वरकर

जुनी_कात्रणं ताई, नाद खुळा! हे शाळेत शिकवा.

अस्मिता_पुणे

अंगावर काटा आला वाचून. ५३,००० आकडा मला माहीत होता, पण बंदी त्यानंतर वर्षाच्या आत आली हे जोडून कधी वाचलं नव्हतं.

हिशेबनीस

पान महत्त्वाचं आहे, नाकारत नाही. तरी आजचा क्लब चालवणाऱ्याला आजचेच पगार द्यायचे असतात. १९२१ची भरपाई कोणी करायची?

जुनी_कात्रणं

ज्यांनी बंदी घातली त्या संघटनांनीच. त्या आजही आहेत आणि त्यांच्याकडे पैसा आहे. अमेरिकेत २०२२ला महिला खेळाडूंचा खटला २.४ कोटी डॉलरला मिटला आणि आता पुरुष व महिला संघांच्या विश्वचषक बक्षिसाचे पैसे एकत्र करून वाटतात. नॉर्वेने राष्ट्रीय संघांचं मानधन २०१७लाच समान केलं. क्लबांचं वेगळं, ते प्रेक्षकांवर चालतात, तिथे तुमचं म्हणणं मला काही अंशी पटतं. पण प्रेक्षकही दार उघडलं की येतात. २०२२ला बार्सिलोनाने महिलांचे सामने कँप नोऊ या आपल्या मुख्य स्टेडियमवर घेतले, तर रेआलविरुद्ध ९१,५५३ आणि वोल्फ्सबुर्गविरुद्ध ९१,६४८ लोक आले.

फिजिओ_नाशिक

तुलनेची एक बाजू कुणी घेतली नाही, ती दुखापतींची. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध महिला खेळाडूंचा पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटतो. २०२३च्या विश्वचषकाला इंग्लंडच्या लिआ विल्यमसन आणि बेथ मीड, नेदरलँड्सची मिडेमा, अमेरिकेची मकारिओ या सगळ्या याच कारणाने मुकल्या. शरीररचनेचा भाग आहेच, पण तेवढ्यावर थांबू नका. मुलींना व्यायामशाळेत ताकदीचं प्रशिक्षण उशिरा मिळतं, मैदानं वाईट मिळतात, बूट पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बनलेले असतात. २०१५चा महिला विश्वचषक तर पूर्ण कृत्रिम गवतावर खेळवला. पुरुषांच्या विश्वचषकात असं कधी झालेलं नाही.

मुली खेळत असलेल्या पालकांना विनंती: सामन्याआधी नुसतं मैदानाभोवती पळवू नका. उडी मारून दोन्ही गुडघे वाकवून उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, हे आठवड्यातून दोन-तीनदा करून घ्या. याने धोका खरंच कमी होतो.

पोरीची_आई

फिजिओ दादा, धन्यवाद, हे लिहून ठेवलं.

माझी मुलगी १३ वर्षांची आहे, डाव्या बाजूला खेळते. आम्ही पुण्यात ज्या अकादमीत घातलं होतं तिथे मुलांना संध्याकाळी दिव्यांखाली पूर्ण मैदान आणि मुलींना दुपारी साडेतीनला कोपऱ्यातला चौकोन. एप्रिलमध्ये साडेतीन! विचारलं तर म्हणाले, मुली कमी आहेत. आता अशा वेळेला मुली येणार कशा? शेवटी चार-पाच पालकांनी मिळून एका शाळेचं मैदान सकाळी सहाला मिळवलं. आता मुली वाढल्यात. मुलांसोबत मिसळूनही खेळतात, आणि सांगते, मुलांबरोबर खेळून तिचा पहिला टच सुधारला.

तुलना करायचीच असेल तर मला ही तुलना करावीशी वाटते. वेगाची नंतर करू.

उत्तरेश्वरकर

वहिनी, एकदम बरोबर बोललात. आमच्यात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, सगळ्या तालमींचे फुटबॉल संघ, आणि पेठेची ईर्षा अशी की निकालावरून आठवडाभर बोलणं बंद. ही ईर्षा मुलींच्या मॅचला यायला पाहिजे. तालमीच्या नावाची जर्सी घालून आपल्या पेठेची पोरगी उतरली तर पेठ घरात बसणार आहे का? येणार म्हणजे येणारच. आमच्या भागात मी हे बोलायला सुरुवात केलीय. काही जुनी मंडळी गप्प बसतात, पण नाही कुणी म्हणत नाही.

फातोर्डा

कोल्हापूरकर, करा सुरू, आम्ही मुलींचा संघ घेऊन येतो.

कोणी अजून आपल्या सीनियर मुलींचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. ५ जुलैला चियांग माईत भारताने थायलंडला २-१ हरवलं. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. क्रमवारीत तेव्हा आपण ७०, थायलंड ४६, वर त्यांचंच मैदान. या विजयाने भारत पात्रता फेरी खेळून पहिल्यांदा आशियाई चषकात गेला. ती स्पर्धा मार्च २०२६मध्ये ऑस्ट्रेलियात. पहिला गोल बघा, बॉक्सच्या बाहेरून डाव्या पायाने. जून महिन्यात आपले पुरुष हाँगकाँगकडून ०-१ हरले आणि आयएसएल या आपल्या मुख्य लीगचं पुढे काय हेच तेव्हा कळत नव्हतं. अशा वर्षात भारतीय फुटबॉलमधली सगळ्यात मोठी बातमी मुलींनी दिली आणि ती पेपरात आतल्या पानावर शोधावी लागली.

जुनी_कात्रणं

याआधी आपण १९८०ला कोळिकोडच्या आणि १९८३ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत उपविजेते होतो. २०२२ला यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला, पण नवी मुंबईत संघात कोविड शिरला, चिनी तैपेईविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय महासंघावर जागतिक संघटनेची बंदी आली तेव्हा गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या, न खेळता परतल्या. त्या मुलींतल्या काही थायलंडला हरवणाऱ्या या संघात होत्या. म्हणून थायलंडवरचा विजय मला युरोपेक्षाही मोठा वाटतो.

रविवारची_मॅच

मनीषा कल्याणला विसरू नका. २०२१ला मनौसमध्ये ब्राझीलविरुद्ध गोल! आपण १-६ हरलो, पण तो गोल मी अजून बघते.

शंकासुर

दोन दिवस सगळं वाचलं. माझी आवड वेगाची आहे आणि तीच राहील, पण मूळ प्रश्न 'ताडून बघता का' हा होता, त्याचं उत्तर देतो. हो, मी ताडूनच बघत आलोय, कारण सामना लावतानाच पुरुषांचा खेळ डोक्यात असतो. एक पूर्ण सामना सांगा, जो ताडायचा विचार न करता बघता येईल. १३-० वाला नको.

मधल्या_फळीतली

बासेलवासी ताईंनी बघितलेला. १९ जुलै, जर्मनी-फ्रान्स, पूर्ण १२० मिनिटं, हायलाइट्स नकोत. १३व्या मिनिटाला जर्मनीच्या हेन्ड्रिखला लाल कार्ड आणि पेनल्टीवर फ्रान्सचा गोल. इथून पुढे दहा जणी. नुस्केनने कॉर्नरवर हेडरने बरोबरी साधली, मग तिचीच पेनल्टी अडवली गेली. १०३व्या मिनिटाला मिंगेच्या डोक्याला लागून चेंडू जर्मनीच्याच गोलमध्ये निघाला होता. बर्गर मागे मागे पळत गेली आणि उलटी झेप घेऊन एका हाताने तो रेषेवरून बाहेर काढला. टायब्रेकरमध्ये दोन अडवल्या, एक स्वतः मारली. थायरॉइडच्या कर्करोगातून उठलेली, पस्तिशीच्या जवळची बाई आहे ही.

बासेलवासी

ती झेप माझ्या बाजूच्या गोलमध्ये झाली. आमच्या स्टँडमधल्या कुणालाच आधी कळलं नाही की चेंडू बाहेर आलाय, फ्रान्सचे लोक उभे राहून ओरडायला लागले होते. मग मोठ्या पडद्यावर परत दाखवलं आणि तेच फ्रेंच लोक टाळ्या वाजवायला लागले.

शंकासुर

रात्री पूर्ण बघितला. शेवटची २० मिनिटं उभ्यानेच. पण पंचकाका, ते लाल कार्ड जास्त झालं असं नाही वाटत? केसच ओढले होते, पिवळं चाललं असतं. एवढ्यावरून एक संघ १०७ मिनिटं दहा जणींनी?

निवृत्त_पंच

नाही, लालच. हेन्ड्रिखने फ्रान्सच्या म्बोकची वेणी ओढली, चेंडू हवेत होता आणि तिचा त्या चेंडूशी काही संबंध नव्हता. चेंडू खेळायचा प्रयत्न नसताना प्रतिस्पर्ध्याला असं ओढणं हिंसक वर्तनात मोडतं. पुरुषांच्या सामन्यातही हेच कार्ड निघतं. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी, बोलावलं आणि मैदानावरच्या पंचांनी पडद्यावर बघून निर्णय दिला, तोही पटकन. मी असतो तर हेच केलं असतं. तुमचा आक्षेप पेनल्टीवर असेल तर बोलू, त्यावरही माझं मत आहे.